कोरी चौकट

रत्नप्रभाकाकूंनी आपल्या चौकटीकडे बोट दाखवलं, पण हात लावला नाही. वरच्या पट्टीवर एक लाल फराटा, दोन्ही बाजूंना एकेक. खाली आलेले ओघळ सुकले होते.

"ह्या काय आसा, दीप्ती? घरात माझो नातू आसा. अजून बारसा नाय झाला. कोणी केल्यान ह्या?"

शेजारच्या दारावरही तेच. नाना बनियनवरच बाहेर आले होते, हातात मोबाईल. "फोटो काढलाय मी. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, अख्ख्या घाटकोपरला कळू दे. तुमचं काय ते तुमच्या घरात करा ना. आमच्या दारावर कशाला?"

दीप्तीने फराट्याला नाक लावलं. रक्त नव्हतं, कुंकू नव्हतं. तिचंच नेलपॉलिश होतं.

"टाकू नका, नाना. मी पुसते. आत्ता पुसते."

मागच्या महिन्यात तिच्याकडे प्रार्थनेला आलेल्या लोकांच्या चपलांचा फोटो त्याच ग्रुपवर फिरला होता. संध्याकाळी गेटवर अनोळखी पोरं येऊन उभी राहिली होती. काही बोलली नव्हती, नुसती वर बघत होती. तेव्हापासून दीप्ती दार उघडायच्या आधी भोकातून बघायची.

घरात स्वरदा सोफ्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दडपून. टेबलाशी तिचे आजोबा, अण्णा, पवित्र शास्त्र उघडून ईस्टरचा संदेश लिहीत होते.

"अण्णा, आज संडे स्कूलमध्ये पोरांना काय शिकवलंत?"

अण्णांचा चेहरा उजळला. "वल्हांडण. मिसर देशातली ती रात्र. कोकऱ्याचं रक्त चौकटीला लावायचं, वर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. वरचा ओघळ खाली येतो, बाजूचे दोन रेघेने जोडून बघ, क्रूस होतो. येशूच्या किती आधी, दीप्ती! जुन्या करारात पानोपानी आपला तारणाराच आहे. बघणारा पाहिजे."

"आणि रक्त कशाला लावायचं, तेही सांगितलंत?"

"सांगितलं की. ज्या दारावर रक्त दिसेल ते दार नाशाचा दूत ओलांडून..."

"आणि दिसलं नाही तर त्या घरातलं पहिलं मूल मारतो. हे सांगितलंत तुम्ही. सहा वर्षांच्या पोरांना."

"अगं, ती पूर्वछाया आहे, येशूच्या बलिदानाची आधीच पडलेली सावली. पोरं कुठे तेवढं धरून बसतात?"

"तुम्हाला त्यात येशू दिसला." दीप्तीचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढला नाही की तिचा नवरा सुयोगसुद्धा गप्प बसायचा. आज तो साकीनाक्याला ड्युटीवर होता. "हिला मेलेली पोरं दिसली. चला बाहेर. नानांना समजवा तुमची पूर्वछाया."

तिने नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, सुयोगचं जुनं बनियन फाडलं आणि काकूंची चौकट घासायला लागली. लाकडाचं पॉलिशही निघत होतं. निघू दे. अण्णा मागे उभे राहिले, चष्मा हातात घेऊन.

स्वरदा आईच्या ओढणीआडून बघत होती. काकूंनी तिची लाल बोटं पाहिली.

"तू केलंस? कित्याक गो?"

"तुमचं बाळ पहिलं आहे ना."

काकूंनी दाराकडे पाहिलं. आत बाळ कुरकुरत होतं.

"माझ्याकडे कुठलं बाळ सापडलं तुला?" नाना म्हणाले.

"तुम्ही पण पहिले आहात. तुमचे भाऊ येतात ते तुमच्या पाया पडतात."

नानांनी मोबाईलकडे पाहिलं. मग अंगठा फिरवला. "उडवला फोटो," ते दीप्तीला म्हणाले. "आणि वरचा नीट काढ. डाग ठेवू नकोस."

दीप्तीने तोही काढला. राग मात्र उतरेना. काकूंवर, नानांवर, गेटवरच्या त्या पोरांवर, अण्णांच्या त्या उजळलेल्या चेहऱ्यावर. दोन्ही दारं साफ झाल्यावर ती आपल्या दाराकडे वळली, फडका उचलला आणि थांबली.

चौकट कोरी होती.

"आपल्या दाराला नाही लावलंस?"

"बाटली संपली."

"मग आधी आपल्याला लावायचं ना, गधडे. आपल्या घरात पहिलं कोण आहे?"

"मी," स्वरदा म्हणाली. "पण बाळाला पळता येत नाही. आणि नानांचे गुडघे दुखतात."

अण्णांनी श्वास घेतला. त्यांचं बोट वर गेलं, चर्चमध्ये उपदेश करताना तारणाऱ्यापाशी पोचले की जायचं तसंच. डोळे भरून आले होते.

"दीप्ती, बघ, हेच तर..."

"अण्णा, एक शब्द बोलू नका."

"अगं, पण हिच्यात..."

"हिच्यात कुणी नाही. ही स्वरदा आहे. फक्त स्वरदा."

अण्णांचं बोट खाली आलं. नाना आत गेले, काकूंनी दार लावून घेतलं. दीप्तीने स्वरदाला हात धुवायला पाठवलं, साबणाने, दोनदा. अण्णाही तिच्या मागोमाग गेले.

पॅसेजमध्ये ती एकटी राहिली. हातातला फडका अजून ओला होता, लालभडक. तिने जिन्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं. मग दात आवळून टाचा उंचावल्या आणि फडका आपल्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर दाबला. मग डावीकडे. मग उजवीकडे, लाकूड लाल होईपर्यंत.