माइकवरची पाटी

शहाडपलीकडच्या छोट्या धावपट्टीवर शिरलेली कुत्री हाकलायला सहदेवदादा जीप घेऊन गेले, तशी टॉवरमधल्या समीक्षाने माइकवर लाल पाटी अडकवली. पाटी लटकतेय तोवर विमान उतरू द्यायचं नाही, हा शिरस्ता. मग दसरा म्हणून ती माइकची पूजा करायला बसली. डोंबिवलीहून आणलेला झेंडूचा हार नीट बसेना, तेव्हा पाटी काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात शिकाऊ पायलट ब्रँडनने उतरायची परवानगी मागितली. सवयीने तिने माइककडे पाहिलं. पाटी नव्हती. “क्लिअर्ड टू लँड,” म्हणत ती खिडकीकडे वळली, तर जीप धावपट्टीच्या मधोमध! “ब्रँडन, वर घे! अरे वर!” विमान जीपच्या टपाला चाटून वर झेपावलं. सहदेवदादा पांढऱ्याफटक चेहऱ्याने जिना चढून आले. “मॅडम, विमानाचा आवाज आलेला. पण तुम्ही पाटी लावलेली ना, म्हणून मी वळून बघितलंच नाही.”