पांढरा कोट

"डोळे घरी ठेवून आलात का?" वर्षभर, आयर्लंडचं काठी-चेंडूचं हर्लिंग असो की गेलिक फुटबॉल, लेकाच्या प्रत्येक सामन्यात फिन्टन गोलच्या खांबाशी उभ्या असलेल्या पंचावर असाच खेकसायचा.

शेजारच्या गावाशी हर्लिंगचा शेवटचा सामना होता आणि खांबाशी उभं राहायला माणूसच आला नाही. क्लबच्या सेक्रेटरीने, नोरीनने, पंचाचा पांढरा कोट फिन्टनच्या अंगावर टाकला. "घे, उभा राहा. सगळं तुलाच दिसतं ना?"

शेवटच्या मिनिटाला त्याच्या लेकाची, टाइगची टीम एका गुणाने मागे होती. टाइगने लांबून मारलेला चेंडू खांबाच्या टोकापेक्षाही उंचावरून गेला. पण दोन खांबांच्या आतून, म्हणजे एक गुण. फिन्टनचा हात गुण झाला की उंचवायच्या झेंड्याकडे गेला आणि तिथेच अडला. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं आणि पोरगा कोणाचा, हे गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने चेंडू बाहेर गेल्याची खूण केली. सामना गेला.

घरी जाताना गाडीत फिन्टन चिडून म्हणाला, "गुण दिला असता तर लोक म्हणाले असते, स्वतःच्या पोराला दिला."

टाइग खिडकीबाहेरच बघत होता. "त्यांचा गोलकीपरसुद्धा म्हणाला, चेंडू आत होता. मग मला विचारलं, तो पांढऱ्या कोटातला माणूस आमच्याच गावचा आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?"



"हो म्हणालो. तुमच्याच गावचा."