निफाड केंद्र

“उद्या सकाळसाठी वीज किती घ्यायची? तुमचं निफाड केंद्र काय म्हणतंय?” दाते सरांनी विचारलं आणि विदुलाने घड्याळात पाहिलं. वीजबाजारातली बोली बाराला बंद होणार होती. वीज कमी घेतली आणि थंडी पडली, की शहरभर गीझर लागणार आणि ऐनवेळी ती सोन्याच्या भावाने घ्यावी लागणार.

निफाड केंद्र म्हणजे निफाडला राहणारे तिचे वडील, अण्णा; ऑफिसला मात्र ते हवामान केंद्रच वाटायचं. बारमाही गार पाण्याने अंघोळ करणारे अण्णा गरम पाणी मागू लागले, की थंडी पक्की. दिवाळीत ते गेले तेव्हा ऑफिसातले सगळे भेटायला आले. केंद्र बंद पडलं, हे मात्र कुणाला कळलं नाही.

तिने आईला फोन लावला. “थंडी आहे का गं?”

“छे, एवढी नाही! यांचा स्वेटर घातलाय, वर यांची कानटोपी. दात वाजायचे थांबले की चहा ठेवते.”

विदुलाने डोळे पुसले आणि भरपूर वीज घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर कुडकुडलं, उत्तरेतल्या धुक्याने सौरवीज अडवली, ऐनवेळचे दर तिप्पट झाले.

“केंद्र भारी आहे हं!” सर खूश.

“हो सर. प्रमुख तेवढ्या नव्या आहेत.”