शेवटचं गाणं

सादिक नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यात रातभर तंदूर सांभाळायचा आणि उजाडल्यावर मोडल्या अंगानं घरी यायचा. त्याची लेक मिनाज शाळेचा गणवेश घालून, मोबाईल हातात धरून वाट बघत असायची. जादूच्या पोरीची जपानी कार्टून मालिका होती. बोलणं हिंदीत, गाणी तेवढी जपानीत. सुरुवातीच्या गाण्यात ती पोरगी गिरकी घ्यायची, तिचे केस गुलाबी व्हायचे, आणि गाणं सरेपर्यंत सादिक बसल्या जागी घोरायला लागायचा.

शब्द एक कळत नव्हता, तरी ती चाल त्याच्या तोंडात बसली होती. रोट्या थापताना तो तीच गुणगुणायचा. लेक एवढ्या हौसेनं दाखवते आणि आपल्याच्यानं डोळे उघडे ठेववत नाहीत, याची त्याला शरम वाटायची. गोष्ट तर आता कुठल्या कुठं गेली असंल. आपल्याला मधूनच काय कळणार?

मग पुलाच्या कामासाठी रस्ता वळवला आणि एक रात्र ढाबा बंद राहिला. सादिकची झोप झाली. सकाळी त्यानं अख्खा भाग जागेपणी बघितला. नवल म्हणजे, सगळं कळलं. शेवटी एक वेगळंच, संथ गाणं लागलं.

"हे तर म्या कधी ऐकलंच न्हाय," तो म्हणाला.

"मीबी न्हाय, अब्बा," मिनाज म्हणाली. "तुमचा डोळा लागला की मी बंद करते. रोज पहिलाच भाग लावते."