टायरातलं पाणी

उताराच्या रानात ट्रॅक्टर डगमगू नये म्हणून दौलतराव मागच्या दोन्ही टायरांत कायम पाणी भरून ठेवत. रविवारी त्यांच्या मुलाला, निरंजनला, भोसरीच्या एका वर्कशॉपचा माल वाहायचं भाडं मिळालं. रस्त्यावर ट्रॅक्टर हलका पळावा म्हणून त्याने वडिलांना न सांगताच ते पाणी सोडून दिलं. सोमवारी कंपनीतली पहिली शिफ्ट गाठायच्या गडबडीत परत भरायचं राहूनच गेलं.

त्याच दुपारी दौलतराव नांगरायला गेले आणि उतारावर ट्रॅक्टर कलंडला. मांडीचं हाड मोडलं.

दवाखान्यात निरंजनचे काका त्यांच्यावर चिडले, "दादा, या वयात कशाला बसायचं ट्रॅक्टरवर?"

"व्हय, माजंच चुकलं. बांध ध्यानात आला न्हाई," दौलतराव म्हणाले.

निरंजन खाली मान घालून उभा होता. लोकांनी ट्रॅक्टर सरळ करून अंगणात आणून लावला होता आणि काका संध्याकाळी तो बघायला जाणार होते. रिकामे टायर त्यांच्या लगेच लक्षात आले असते. निरंजन गुपचूप बाहेर आला आणि त्याने चाकणच्या टायरवाल्या भीमराजला फोन लावला.

"भावा, आत्ताच्या आत्ता आमच्या घरी जा. मागच्या टायरांत पाणी भर. आणि कुणाला बोलू नकोस."

तिकडून भीमराज म्हणाला,

"ते कवाच भरलं की राव. तुझ्या वडिलांचा फोन आल्ता दवाखान्यातनं. म्हणले, कुणी पोराला बोल लावायच्या आत भर."