न फिरलेली कळ

क्योतोतल्या त्या दुकानावरून हौशी फोटोग्राफर खांबेट्यांनी दोन फेऱ्या मारल्या, तरी आत पाऊल टाकवेना. तीस वर्षांपूर्वी इथल्या घड्याळजी नवराबायकोचा फोटो काढून ते 'पाठवतो' म्हणाले होते. पुण्यात कॅमेरा उघडला, तर रोल नीट बसलाच नव्हता. लाजेपोटी पत्रही लिहिलं नाही.

शेवटी ते शिरले. आत म्हातारी एकटीच होती. तिने ओळखलं. त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत सगळं कबूल केलं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोल सरकवताना तुमच्या कॅमेऱ्याची डावी कळ फिरत नव्हती, म्हणजे आत रोल सरकतच नव्हता. आमच्या ह्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, पाहुण्याला वाईट वाटेल, बोलू नकोस."

मग ती बाकावर सरकून बसली, शेजारी एकाची जागा सोडून. खांबेट्यांनी गळ्यातला तोच जुना कॅमेरा उचलून रोल सरकवला. कळ फिरली.