बेरीज

मतमोजणीवरून लटारी निघाला तो डोकं फिरूनच. संपात त्याच्यासकट चाळीस जणांना गिरणीतून हाकलणारा मालक आज आमदार झाला होता. आणि कसा झाला? तीन वर्षांपूर्वी लाल बावट्याच्या पक्षाचे दोन तुकडे झाले, या खेपेला दोघांनीही उमेदवार उभे केले. दोघांची मतं एकत्र केली तर मालकापेक्षा दोन हजारांनी जास्त भरत होती!

"आपसात काहून लढले? कामगाराले काय तोंड दाखवता आता?" असं खडसावून विचारायचंच, म्हणून तो तरातरा सीताबर्डीवरच्या आपल्या गटाच्या कचेरीत शिरला. त्यानं तोंड उघडलं, तोच चिटणीस भैय्याजींनी त्यात पेढा कोंबला.



"तोंड गोड कर गा, लटारी! त्या गद्दारायपेक्षा आपल्याले अठरा मतं जास्त पडले!"